उरलेले काम

छायाचित्रणाचा इतिहास म्हणून जे लिहिले जाते, तो बहुतांशी कॅमेऱ्याचा इतिहास असतो. भिंगे, झडपा, फिल्म आणि संवेदक यांची वंशावळ त्यात तपशिलाने येते. मात्र टिपलेली प्रतिमा कागदावर कोणी उतरवली, कोठे उतरवली आणि उतरवताना तिच्यात काय बदलले, हा प्रश्न तेथे तळटीपेपुरताच उरतो. वस्तुतः पाकिटात, भिंतीवर किंवा हार घातलेल्या चौकटीत आपण ज्याला फोटो म्हणत आलो, तो कागदच होय. हा कागद घडवण्याची जागा गेल्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत घरातून कारखान्यात आणि कारखान्यातून पुन्हा घरात अशी फिरत आली आहे. या प्रवासातील शेवटचा टप्पा म्हणजे डिजिटल फोटो घरच्या प्रिंटरवर, कोणत्याही व्यावसायिक संपादन-प्रणालीवाचून छापण्याचा काळ. त्याच्याकडे इतिहास म्हणून पाहता यावे इतके अंतर आता पडले आहे, असे आम्हांस वाटते.

आरंभ १८८८ पासून करणे सोयीचे आहे. त्या वर्षी जॉर्ज ईस्टमन याने ‘कोडॅक’ नावाचा पंचवीस डॉलरांचा कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर फोटोंची फिल्म आधीच भरलेली असे. ती संपली की गिऱ्हाइकाने अख्खा कॅमेराच टपालाने न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे पाठवायचा. दहा डॉलर घेऊन कंपनी गोल आकाराचे फोटो छापून देई आणि नवी फिल्म भरून कॅमेरा परत पाठवी. ‘कळ तुम्ही दाबा, उरलेले आम्ही करू’ अशा आशयाची त्याची जाहिरात जगप्रसिद्ध आहे. या जाहिरातीतील ‘कळ’ या शब्दाविषयी पुष्कळ लिहिले गेले; आम्हांला मात्र ‘उरलेले’ हा शब्द अधिक अर्थपूर्ण वाटतो. फोटो काढणे आणि फोटो करणे ही दोन निरनिराळी माणसे करू शकतात, किंबहुना त्यांनी ती निरनिराळीच करावीत, असा श्रमविभागाचा एक सिद्धान्तच या शब्दात दडलेला आहे.

त्याआधीची स्थिती वेगळी होती. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८४१ मध्ये कॅलोटाइप पद्धतीचे पेटंट घेतले, तेव्हापासून एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढणे शक्य झाले. परंतु त्या बहुधा ज्याची निगेटिव्ह त्यानेच काढायच्या. १८५० मध्ये ब्लांकार-एव्हरार याने अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद आणला आणि पुढील काही दशके हौशी माणसाच्या घरी जे चाले ते आजच्या वाचकाला स्वयंपाक आणि रसायनशाळा यांच्या मधले काहीतरी वाटेल. कागद सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणावर तरंगवायचा, अंधारात वाळवायचा, निगेटिव्हला चिकटून लाकडी चौकटीत घालायचा आणि उन्हात ठेवायचा. या चौकटीची पाठ बिजागरीने दुमडणारी असे. अर्धी पाठ उघडून, निगेटिव्ह न हलवता, प्रतिमा कितपत गडद झाली ते डोकावून पाहता येई. पुरे झाले की चौकट उन्हातून आत आणायची. हे ‘पुरे’ कोणी म्हणायचे, याविषयी शंका नव्हती; ज्याने फोटो काढला तोच ते म्हणत असे.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक. जॉन्सन आणि हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात ‘द इंडियन अॅमॅचर्स फोटोग्राफिक अल्बम’ प्रकाशित केला, त्याचेही पाठबळ या सोसायटीचेच. या अल्बमात चिकटवलेली छायाचित्रे एकेक करून सूर्यप्रकाशात उतरवलेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे मुंबईच्या पावसाळ्यात या मंडळींचे काय होत असेल, याची कल्पना करता येते. ‘हौशी’ या शब्दाला त्या काळी जी भारदस्त छटा होती, तिचे एक कारण हे कष्टही असावेत.

रॉचेस्टरच्या कारखान्याने घरातील हे काम लगेच संपवले असे मात्र झाले नाही. बेल्जियममधून अमेरिकेत गेलेला रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलँड (पुढे बेकेलाइटमुळे अजरामर झालेला तोच) याने ‘व्हेलॉक्स’ नावाचा कागद तयार केला आणि १८९९ मध्ये तो ईस्टमनला विकला. हा कागद इतका मंद होता, की गॅसचा दिवा बारीक करून त्याच्या उजेडात तो हाताळता येई आणि दिवा मोठा केला की त्याच उजेडात फोटो छापता येई. सूर्याची गरज संपली; दिवसभर नोकरी करणाऱ्याला रात्रीच्या जेवणानंतर फोटो छापता येऊ लागले. पुढे लाल दिवा, तीन ट्रे आणि एन्लार्जर असा घरगुती डार्करूमचा संसार जगभर मांडला गेला. आपल्याकडे हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. उटकमंड येथील तिच्या कारखान्यात तयार होणाऱ्या ‘इंदू’ या नावाच्या फिल्म आणि कागद पन्नाशीपुढच्या अनेकांना आठवत असतील. न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड ठोकून रात्र जागवणारा एखादा काका किंवा मामा बऱ्याच कुटुंबांत असे, आणि तो न्हाणीघर अडवून बसला म्हणून चिडणारी एक काकू किंवा मामीही.

रंग आले आणि हा संसार मोडला. कृष्णधवल कागदाला लाल उजेड दिसत नाही. रंगीत कागदाला सर्वच उजेड दिसतो, म्हणून तो जवळजवळ पूर्ण अंधारात हाताळावा लागतो. द्रावणांचे तापमानही काटेकोर राखावे लागते, अन्यथा रंग ढळतात. ज्याच्या घरात थर्मामीटर तापाखेरीज वापरला जात नाही, त्याच्या आवाक्याबाहेरची ही गोष्ट होती. अमेरिकेत तर कोडॅक रंगीत फिल्मच्या किमतीतच धुण्याची किंमत लावत असे. मक्तेदारीविरोधी कारवाईनंतर १९५४ मध्ये तिला न्यायालयीन तडजोडीने ही जोडी तोडावी लागली. ‘उरलेले आम्ही करू’ हे वाक्य ‘उरलेले आम्हीच करू’ असे झाले होते. ते कायद्याला दुरुस्त करावे लागले, असे म्हणता येईल. पण धुण्याचे हे काम कायद्याने मोकळे झाले तरी घरी परत आले नाही, ते इतर लॅबवाल्यांकडे गेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जपानी मिनिलॅब यंत्रे पसरली आणि १९८० नंतर आपल्याकडेही तालुक्याच्या गावापर्यंत ‘कलर लॅब’ची पाटी पोचली. रोल धुवायला टाकणे हा वाक्प्रचार याच काळात रूढ झाला. छत्तीस फोटोंपैकी किती ‘आले’ हे पाकीट उघडेपर्यंत कळत नसे.

या लॅबमधील यंत्राच्या पोटात एक सिद्धान्त होता, आणि पुढील कथेला तो आवश्यक असल्यामुळे येथे थोडे थांबले पाहिजे. कोडॅकमधील राल्फ इव्हान्स याला १९५१ मध्ये एक पेटंट मिळाले. त्याचे गृहीतक असे, की कोणत्याही सामान्य दृश्यातील सर्व रंगांची सरासरी काढली तर ती करड्याच्या जवळपास येते. तेव्हा छापताना सरासरी करडी होईल असा प्रकाश दिला की रंग आपोआप जमतात. सुट्टीतील समुद्रकिनारा, बाग, घरापुढची मोटार अशा दृश्यांना हे बरोबर लागू पडे. परंतु दृश्यात एकाच रंगाचे प्राबल्य असले की यंत्र फसते. लालभडक शालूतील नववधू पाहून यंत्राला वाटते की फोटोत लाल रंगाचा दोष आहे. ते त्यात सायन मिसळते आणि वधूचा चेहरा आजारी दिसतो. इंग्रजी परिभाषेत या प्रकाराला जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘विषयाचे अपयश’ असा होतो. अपयश यंत्राचे, नाव विषयाचे! या परिभाषेवर एक स्वतंत्र निबंध लिहिण्याजोगा आहे.

त्वचेच्या रंगाची कथा याहून गंभीर. लॅबमधील यंत्र जुळवण्यासाठी कोडॅक जी संदर्भपत्रे पाठवी, त्यांवर दीर्घकाळ एका गोऱ्या तरुणीचे छायाचित्र असे. तिच्या नावावरून ही पत्रे ‘शर्ली कार्ड’ म्हणून ओळखली जात. तिचा वर्ण नीट आला म्हणजे यंत्र नीट चालले असे मानायचे. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये या पत्रांचा इतिहास मांडला. त्यात नोंदवल्याप्रमाणे, गडद तपकिरी छटा नीट येत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर यांच्या उत्पादकांचा आग्रह होता. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र दाखवणारी पत्रे १९९० च्या दशकात आली. आपल्याकडे या यंत्रातील पक्षपात पुष्कळदा ऑपरेटरच्या बोटांनी भरून निघे. पिवळा, मॅजेंटा, सायन आणि घनता अशा कळा त्याच्यापुढे असत. गावातील माणसे त्याच्या ओळखीची, लग्न कोणाकडचे तेही ठाऊक. अर्थात तो नेहमी वास्तवाचीच बाजू घेई असे समजण्याचे कारण नाही. मुलीचा ‘दाखवायचा’ फोटो एक-दोन कळांनी उजळ करून देणे ही त्याची नित्याची सेवा होती. तरीही निर्णय एका दिसणाऱ्या, काउंटरपलीकडे बसलेल्या माणसाचा होता. त्याला ‘दादा, जरा डार्क मारा’ असे सांगता येई.

आता प्रिंटर. शाईचे थेंब उडवून चित्र उमटवण्याचे तंत्र दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी सापडले. जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७७ मध्ये तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाला शाईने भरलेल्या सिरिंजची सुई चुकून लागली आणि सुईतून शाई उडाली, अशी त्या शोधाची कथा सांगतात. अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डमधील मंडळी थोड्याच काळात त्याच तत्त्वापाशी पोचली. सूक्ष्म तापक क्षणार्धात शाईचा बुडबुडा करतो आणि तो बुडबुडा थेंब ढकलतो, इतकेच ते तत्त्व. १९८४ चा ‘थिंकजेट’ आणि १९८८ चा ‘डेस्कजेट’ ही त्याची पहिली प्रसिद्ध अपत्ये होत. त्यांचा फोटोशी काही संबंध नव्हता, ती पत्रे आणि अहवाल छापत. फोटोच्या दिशेने निर्णायक पाऊल पडले ते १९९४ मध्ये. एप्सनने ‘स्टायलस कलर’ हा प्रिंटर आणला. त्यात शाई उकळण्याऐवजी विजेने आकसणाऱ्या स्फटिकाने थेंब ढकलला जाई आणि इंचाला ७२० ठिपके उमटत. तरीही गालांवर आणि आकाशात ठिपके डोळ्यांना जाणवत, कारण फिकट छटा दाखवायची म्हणजे गडद ठिपके विरळ करायचे. त्यावर उपाय म्हणून फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा अशा आणखी दोन शाया आल्या. चेहऱ्यासाठी दोन जादा शाया लागाव्यात, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. फोटो म्हणजे बहुसंख्य घरांत चेहराच असतो, हे प्रिंटर करणाऱ्यांनी ओळखले होते.

कॅमेऱ्यांनीही तोवर पुरेशी मजल मारली होती. चार बाय सहा इंचांचा फोटो इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने छापायचा तर सुमारे २२ लाख बिंदू लागतात, आणि २००० च्या आगेमागे दोन मेगापिक्सेलचे कॅमेरे मध्यमवर्गाच्या नजरेच्या टप्प्यात आले. मधला दुवा तेवढा अवघड होता. फोटोशॉप १९९० पासून उपलब्ध होते, पण ते व्यावसायिकांसाठी होते, त्याची किंमतही व्यावसायिकच होती. (फुटपाथवरच्या सीडीमुळे आपल्याकडे किमतीचा प्रश्न काहींनी परस्पर सोडवला, लेव्हल्स आणि कर्व्हज कसे हाकायचे, हा प्रश्न त्या सीडीने सुटत नव्हता.) म्हणून कंपन्यांनी हे संपादन कॅमेरा, फाइल आणि प्रिंटर यांच्या परस्परांतील संभाषणात गडप करून टाकले. एप्सनने २००१ मध्ये ‘प्रिंट इमेज मॅचिंग’ आणले. फोटो कसा छापावा याच्या सूचना कॅमेराच फाइलमध्ये लिहून ठेवी. २००२ च्या एक्झिफ मानकात छपाईला उपयोगी अशा नोंदींची सोय झाली. २००३ मध्ये ‘पिक्टब्रिज’ आले आणि संगणकावाचूनच, कॅमेरा वायरीने प्रिंटरला जोडून फोटो छापता येऊ लागला. विंडोज एक्सपीमध्ये २००१ पासून फोटो छापण्याचा एक मार्गदर्शक होताच. पिकासा ही प्रणाली गूगलने २००४ मध्ये विकत घेऊन फुकट वाटली आणि २०१६ मध्ये बंद केली. तिच्यात एका कळीने फोटो सुधारून देण्याची सोय होती, आणि त्या कळीचे नावच ‘नशीब काढू’ अशा अर्थाचे होते.

संपादनाविना छापलेला फोटो म्हणून ज्याला म्हणत तो असा अनेक वेळा संपादित झालेला असे. कॅमेऱ्याने पांढरा रंग कोणता ते ठरवलेले, ड्रायव्हरने ‘ऑटो’ या खुणेखाली सरासरी काढलेली, आणि मार्गदर्शकाने कडा कापलेल्या. ही कापाकापी विशेष मौजेची. बहुतेक छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांची चौकट संगणकाच्या पडद्याप्रमाणे चारास तीन या प्रमाणात असे, तर चार बाय सहाचा कागद जुन्या फिल्मच्या तिनास दोन या प्रमाणात. कागद पूर्ण भरायचा म्हटले की फोटोचा नववा हिस्सा वर-खाली गळून पडे. त्या काळच्या घरगुती छापील फोटोंत डोक्याचे केस आणि पायांची बोटे एवढी का कापलेली असतात, याचे उत्तर फोटो काढणाऱ्याच्या अज्ञानात शोधू नये.

आमच्यापैकी एकीच्या घरचा २००६ सालचा एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे, कारण वरील सारा इतिहास आम्ही पुढे त्याच्या निमित्ताने वाचला. आजी वारली तेव्हा तिचा अलीकडचा फोटो एकच होता, चुलत बहिणीच्या हळदीत काढलेला. पिवळ्या कापडाचा मांडव, झेंडूच्या माळा, भोवती पिवळी पातळे आणि मध्ये खुर्चीवर आजी. गावातील लॅब सणामुळे बंद होत्या आणि सकाळी दिवसांसाठी फोटो हवा होता. घरात प्रिंटर होता, चकचकीत कागदाचे अर्धे पाकीट होते, संपादन कोणालाच येत नव्हते. पहिला फोटो निघाला त्यात डोक्यावरचा पदर वरून कापला गेला होता आणि चेहरा राखी होता. इव्हान्सच्या यंत्राने लाल शालूला जे केले असते, तेच या ड्रायव्हरने पिवळ्या मांडवाला केले होते. त्याला तो दोष वाटला आणि त्याने निळा मिसळला. ‘अधिक रंगीत’ अशी खूण करून दुसरा काढला तेव्हा ओठ जांभळे आले. मरण पावलेल्या माणसाचा चेहरा यंत्रातून असा बाहेर येताना पाहणे कसे असते, ते वर्णन करण्याचे आम्ही टाळतो. रात्री बाराच्या सुमारास कोणीतरी ‘आपोआप सुधारणा’ या ओळीपुढची खूण काढून टाकली आणि पांढरी पट्टी राहिली तर राहू दे म्हणून कडा न कापता छापले. मांडव पिवळा झाला आणि त्याची झाक आजीच्या गालांवर आली. आत्या म्हणाली, “ही आई.” काका म्हणाले, “कावीळ झाल्यासारखी दिसते.” दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते, लॅबमधला दादा असता तर त्याने दोघांच्या मधला काहीतरी काढून दिला असता. आत्याचा फोटो राहिला.

टिकण्याचा प्रश्न त्या रात्री कोणाच्या मनात आला नाही. खरे तर तो जगापुढे २००० सालीच आला होता. एप्सनच्या त्या वर्षीच्या काही फोटो-प्रिंटरांवर, विशिष्ट चकचकीत कागदावर काढलेले फोटो काही घरांत थोड्याच आठवड्यांत नारिंगी पडले. प्रकाशात शाई किती टिकते याच्या चाचण्या झाल्या होत्या. हवेतील ओझोनने सायन रंग खाऊन टाकला. हे कागद चटकन वाळावेत म्हणून सच्छिद्र केलेले असत आणि ज्या छिद्रांतून शाई शिरे त्यांतूनच हवाही शिरे. हेन्री विल्हेल्म हे अमेरिकन संशोधक रंगीत छायाचित्रांच्या आयुष्यावर पूर्वीपासून काम करत होते. १९९३ मधील त्यांचा ग्रंथ या विषयातील आधारग्रंथ मानला जातो. अशा अनुभवांनंतर वायूंच्या चाचण्यांना महत्त्व आले आणि रंगद्रव्याचे कण असलेल्या, अधिक टिकाऊ शायांचा बोलबाला झाला. आपल्या घरांत ही द्रव्यशाई क्वचितच आली. आपल्याकडे आला तो रिफिलवाला. कार्ट्रिजची किंमत प्रिंटरच्या किमतीशी स्पर्धा करू लागल्यावर सिरिंजने शाई भरून देणारी दुकाने गल्लोगल्ली निघाली. पुढे लोक बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडू लागले. या घरगुती कारागिरीचा धडा घेऊन एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात शाईच्या टाकीचा प्रिंटर आणला आणि थोड्याच काळात तो भारतातही आला. एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर उत्पादकाचा पेटंट-हक्क उरत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्कविरुद्धच्या खटल्यात २०१७ मध्ये दिला. १९५४ ची तडजोड आणि हा निर्णय यांच्यामध्ये त्रेसष्ट वर्षांचे अंतर आहे. वाद तोच होता, उरलेले काम कोणाचे आणि त्याचे पैसे किती.

टाकीचा प्रिंटर आला तोपर्यंत मात्र फोटो छापण्याची गरजच ओसरू लागली होती. फोनवर काढलेला फोटो फोनवरच पाहिला जाऊ लागला. शाई न वापरल्यामुळे नोझल सुकून बंद पडलेले प्रिंटर माळ्यांवर गेले.

आजीचा फोटो देव्हाऱ्याशेजारी, उदबत्तीच्या आणि स्वयंपाकाच्या धुरात, काचेवाचून लावलेला होता. चार-पाच वर्षांत त्यातला निळसर भाग गेला आणि तांबूस आजी उरली. मूळ फाइल संगणकाच्या हार्ड डिस्कबरोबर नाहीशी झाली. तिची दुसरी प्रत कोणी ठेवलेली नव्हती. २०१९ मध्ये घर रंगवायला काढले तेव्हा कपाटातील एका जुन्या वहीत त्या रात्रीचे नापसंत झालेले दोन्ही फोटो सापडले. मागची बाजू कोरी होती म्हणून त्यांवर दिवसांच्या सामानाची यादी लिहून ते वहीत ठेवले गेले होते: तांदूळ, तीळ, जव, दर्भ. अंधारात आणि बंद हवेत राहिल्यामुळे त्यांचे रंग त्या रात्री होते तसेच होते. चेहरा राखी, पदर कापलेला. आत्याच्या नातवाने त्यातल्या पहिल्याचा फोनने फोटो काढला आणि पडद्यावरची पट्टी बोटाने पिवळ्याकडे सरकवू लागला. आत्या शेजारी बसून पाहत होती. “अजून,” ती म्हणत होती, “मांडव अजून पिवळा होता.” चेहऱ्यावर झाक आली तेव्हा ती “पुरे” म्हणाली आणि तो थांबला. कापलेला पदर अर्थातच परत आला नाही.